दोन बोटं माया

कापड कापताना शिवणीच्या रेघेबाहेर जे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही शिंपीकाम करणारे माया म्हणतो. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पँट उलटी करून मागची शिवण पाहिली तर आत दुमडलेली एक पट्टी दिसेल, तीच ही माया. माणूस सुटला की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड बाहेर घ्यायचं आणि पुन्हा शिवायचं. माणूस वाळला तर उलटं करायचं. हा शब्द आमच्यात कुणी आणला ते ठाऊक नाही. लहानपणी मला वाटायचं, आई करते ती माया वेगळी आणि दादा कापडात सोडतो ती वेगळी. आता तेवढी खात्री वाटत नाही.

आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी सांगितलं, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल काही लिहा. मी नाही म्हणालो. लिहायचं तर पहिल्या सुईपासून सगळं लिहायला हवं, ते मला जमणार नाही, मग एक ओळही नको, असा माझा हिशेब. बाई म्हणाल्या, “अहो, थोडंसं लिहा की.” हा ‘थोडंसं’ शब्द समजायला मला अर्धं आयुष्य लागलं. त्याबद्दलच लिहितो.

आमचं दुकान नाशिक रोडला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर दादाचं नाव होतं, अजून तेच आहे. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि दादा नुकताच कुणाच्या तरी हाताखाली कटिंग शिकून बाहेर पडला होता. त्यानेच मला वाढवलं, सुई धरायला शिकवलं, माझं लग्न करून दिलं. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधले कामगार आमची मुख्य गिऱ्हाइकं. प्रेसचा भोंगा झाला की थोड्याच वेळात बाहेर सायकली आणि लुना लागायच्या. त्यांच्यासाठी दादा ‘मोठे मास्टर’ आणि मी ‘छोटे मास्टर’. माझे केस पिकले तरी मी छोटाच राहिलो.

मला मधलं काही जमत नसे. गिऱ्हाईक कापडावरून हात फिरवत “बघू, सांगतो” म्हणालं की मी टेप गुंडाळायला लागायचो. “शिवायचं की नाही, एक काय ते सांगा.” दादा मागून खाकरायचा. माणूस गेला की म्हणायचा, “अरे, त्याला घरी विचारू तरी देशील?”

हीच तऱ्हा मी स्वतःशीही करायचो. एखादी पँट दोराभर आखूड झाली की मला घास उतरायचा नाही. मी बेकार कारागीर, मी दादाचं नाव घालवलं, ज्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याच्या उपकारांवर मी पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी कुणी “वा, काय फिटिंग आहे!” म्हटलं की लगेच नाशिक जिल्ह्यात माझ्यासारखा कारागीर नाही असं वाटायचं. बायको म्हणायची, “तुमचं काही खरं नाही बाई. सकाळी मास्टर असता आणि संध्याकाळी गुन्हेगार.”

नव्वदच्या सुमारास मी शहरात एका कटिंगच्या क्लासला जायला लागलो. तिथले सर म्हणायचे, “जो स्वतःच्या मापावर विश्वास ठेवत नाही, तो माया ठेवतो.” मला ते वाक्य फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात येऊन दादाला ऐकवलं.

दादा तेव्हा एक पँट कापत होता. त्याची पद्धत ठरलेली. आधी शिवणीची रेघ, मग तिच्या बाहेर दोन बोटं टेकवून दुसरी रेघ, आणि कात्री त्या बाहेरच्या रेघेवर.

“माप बरोबर असेल तर दोन बोटं कशाला सोडायची?” मी म्हणालो.

“माप आजचं असतं.”

“मग उद्या त्याने नवी शिवावी.”

“तू शिवतोस का दरवर्षी नवी?” एवढंच बोलून तो कापत राहिला.

मी अर्ध्या बोटावर आलो. त्यामुळे शिवण पातळ बसायची, कापड अंगावर सरळ पडायचं. इंदिरानगरकडची नोकरदार पोरं तेव्हा स्कूटरवरून आमच्याकडे यायला लागली होती, त्यांना माझं काम आवडायचं. एकाच दुकानात असे दोन कायदे सुरू झाले. गिऱ्हाईकही ओळखायला लागलं. प्रेसवाले आल्या आल्या विचारायचे, “मोठे मास्टर कापणार ना?”

यातलं खरं काय ते मला मनमाडच्या एका गार्डसाहेबांमुळे पहिल्यांदा जाणवलं. जाणवलं म्हणजे लाज वाटली, शहाणपण काही आलं नाही.

हे गार्डसाहेब मालगाडीवर असत. नाशिक रोडला ड्युटी संपली की घरी जाण्याआधी आमच्याकडे डोकावायचे. त्यांचं पोट कधी वाढेल आणि कधी उतरेल, याचा नेम नव्हता. काउंटरवर गणवेशाची पँट टाकायचे आणि म्हणायचे, “मोठे मास्टर, जरा खोलो.”

“साहेब, दिवाळीच्या आधीच तर आत घेतली होती.”

“तेव्हा डॉक्टरने भाकरी बंद केली होती.”

“मग?”

“डॉक्टर बदलला.”

दादा हसत हसत शिवण उसवायचा. “साहेब, अर्धी भाकरी खात जा की रोज. म्हणजे डॉक्टरही टिकेल आणि पँटही टिकेल.”

“अर्धी?” गार्डसाहेबांना अगदी अपमान झाल्यासारखं व्हायचं. “अर्धी भाकरी म्हणजे काय भाकरी आहे का, मास्टर? खायची तर पोटभर खायची. नाहीतर बंद म्हणजे बंद.”

मला ते मनापासून पटायचं. साहेब माझ्याच जातकुळीतले. दादाने शिवलेली त्यांची ती एकच पँट किती वर्षं आतबाहेर होत राहिली. कापड विरलं, पण पँट हरली नाही.

एकदा दादा गावाला गेलेला असताना मी त्यांना एक पँट शिवून दिली. सुंदर बसली होती. काही महिन्यांनी ते ती घेऊन आले. मी शिवण उघडली. मग म्हणालो, “साहेब, होणार नाही. आत कापडच नाही.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतः आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “छोटे मास्टर,” ते म्हणाले, “इसमें तो तुमने कुछ छोडाच नाय.”

रागावले नाहीत, हसलेसुद्धा. मी मात्र आठवडाभर त्या वाक्याखाली दबून होतो. तरीही अर्ध्या बोटाचं दीड बोट केलं नाही. मला वाटायचं, एकदा दीड केलं की क्लासमधलं सगळं शिक्षण खोटं ठरेल. अपराधी वाटून घेणं मला जमायचं, पण जराशी दुरुस्ती जमायची नाही.

दादाचा हात कधी थरथरायला लागला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग दोरा ओवायचं काम तो न बोलता माझ्याकडे सरकवायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखा आजार नाही, पण हा कंप जाणार नाही. गोळीने थोडा दबून राहील. दादा म्हणाला, “दबला म्हणजे झालं.” आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कटिंग टेबलापाशी उभा राहिला. कात्री चालवताना तो डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचा. मी पाहायचो, पाहिलं नाही असं दाखवायचो.

त्या हिवाळ्यात मखमलाबादकडच्या एका बाई आल्या. घरची फुलशेती, झेंडू आणि गुलाब. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बरोबर नवरा मुलगा लाजून उभा, आणि हातात गर्द तपकिरी रंगाचं कोटाचं कापड.

“मास्तर, असा शिवा की पोरगं सायेब दिसलं पाह्यजे,” बाई दादाला म्हणाल्या. “आन् जपून बरं का. मामानं लय लांबून आणलंय कापड. असलं हितं मिळत नाय.”

“तुमचा मुलगा कोट न घालताही साहेबच दिसतो की,” दादा म्हणाला. मुलगा आणखी लाजला.

दादाने दुपारी कापड पसरलं. रेघा मारल्या, नेहमीसारख्या दोन. मी मशीनवर होतो, पाठ त्याच्याकडे. कात्रीचा आवाज एका लयीत चाललेला असतो, बाजूला बसलेल्याला तो ऐकूही येत नाही. थांबला की मात्र ऐकू येतो. मी वळून पाहिलं. दादा कात्री हातात धरून उभा होता आणि टेबलाकडे बघत होता.

पुढच्या भागाच्या बगलेत कात्री रेघ सोडून आत गेली होती. बाहेरच्या रेघेवरून निघाली आणि आतल्या, शिवणीच्या रेघेच्या अलीकडे गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबली होती.

“माया आहे,” दादा हळू म्हणाला. “निभावेल.”

निभावणारच होतं. माझ्या अर्ध्या बोटाच्या हिशेबाने कापलं असतं तर त्या मुलाचा कोट तिथेच संपला असता. पण तेव्हा मला ते दोन बोटांचं कापड दिसलं नाही. मला फक्त थरथरणारा हात दिसला.

“आज निभावेल,” मी म्हणालो. “उद्या लोकाचं कापड वाया गेलं तर? दादा, एक काय ते ठरव. हात चालत असेल तर काप, नाहीतर...”

“नाहीतर काय? बोल की. नाहीतर घरी बस.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“म्हणालास तरी चूक नाही,” दादा म्हणाला. त्याने तेलाच्या फडक्याने कात्री पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. “उद्यापासून तू काप.”

“आणि तू?”

“मी काय? कात्री नाही तर माझं दुकानात काय काम? बाकावर बसून पेपर वाचू?”

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. मला वाटायचं मीच तेवढा एकमार्गी. तोही तसाच निघाला, फक्त आवाज न करता.

कोट मी पुरा केला. लग्न झालं. बाई झेंडूच्या फुलांची पाटी घेऊन आल्या, दुकानाच्या दाराला स्वतः तोरण बांधलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “थोरले मास्तर कुठं हायेत?”

“जरा बरं नाही त्यांना,” मी म्हणालो. त्या तोरणाखालून ये-जा करायला मला काही दिवस जड गेलं.

आता थोडं ट्रायलबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. कोट एकदम शिवत नाहीत. आधी पांढऱ्या जाड दोऱ्याने, लांब लांब टाके घालून, सगळे भाग नुसते जोडतात. त्याला कच्ची शिलाई म्हणतात. तो कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतोय, कुठे झोळ पडतोय ते बघायचं, खडूने खुणा करायच्या. मग कच्चा दोरा काढून टाकायचा आणि खुणांप्रमाणे पक्कं शिवायचं. कात्री सरळ चालवणं सरावाने येतं. ट्रायलला मागे उभं राहून माणसाची पाठ वाचणं वेगळं. ते दादाला येत होतं. मला येतं, असं मला वाटत होतं.

दादा घरी बसल्यावर एक शाळामास्तर कोट शिवायला आले. निवृत्तीच्या समारंभात घालायचा होता. सरांचा कोट मी मन लावून कापला. ट्रायलला मानेमागे कॉलर उभी राहिली. मी उसवून पुन्हा टाके घातले. पुन्हा तेच. माप तपासलं, बरोबर. कापलेलं तपासलं, बरोबर. सर भले गृहस्थ, म्हणाले, “चालेल हो, समारंभात कोण मागून बघतंय?” त्या बोलण्याने मी आणखी खचलो. शिवाय येणारा प्रत्येक जण विचारायचा, “मोठे मास्टर कुठे?” मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगायचो.

तेव्हा माझ्यापुढे दोनच रस्ते दिसत होते. एक तर दादाचे पाय धरायचे आणि कात्री परत द्यायची, मग लोकांचं कापड वाया गेलं तरी चालेल. नाहीतर हे पाप डोक्यावर घेऊन असंच जगायचं. मधूनच तिसरा सुचायचा, दुकान बंद करून अंबडच्या एखाद्या कारखान्यात लागायचं. तोही तसलाच. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “जेवून घ्या आधी.”

एके दिवशी दुपारी वहिनी दुकानात आली. तिच्या हातात दादाचा शर्ट होता, बटण तुटलेला.

“भाऊजी, एवढं लावून द्या.”

“घरी मशीन आहे, सुईदोरा आहे...”

“मशीनवर चादर टाकून ठेवलीय त्यांनी. हात लावत नाहीत, लावू देत नाहीत.” ती बाकावर बसली. “दिवसभर ओट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पँटी बघतात. काल दूधवाल्याला हाक मारून थांबवलं आणि म्हणाले, तुझी पँट डावीकडून उतरलीय. तो बिचारा कॅन सोडून दोन्ही हातांनी पँट धरून उभा राहिला.”

मला हसू आलं. तीही हसली. मग तिचा चेहरा बदलला.

“तुम्ही दोघे भाऊ एकाच ताग्यातले,” ती म्हणाली. “दुकानात काय एक कात्रीच असते का? पण तुम्हाला तेवढीच दिसते, आणि त्यांनाही तेवढीच. ते म्हणतात वसंताने मला काढलं नाही, मीच उठलो. तुम्ही इथे तोंड पाडून बसलाय की मीच काढलं. कुणी काढलं याचं मी काय करू? माणूस घरात झिजतंय माझं.”

मी शर्टाला बटण लावत बसलो. वहिनी उठून भिंतीवर टांगलेल्या सरांच्या कोटापाशी गेली. त्याच्यावरून पांढरे टाके धावत होते. एवढी वर्षं शिंप्याच्या घरात काढली, पण ती दुकानात फारशी यायची नाही.

“हा असा काय? शिवलाय का उसवलाय?”

“मधला आहे, वहिनी,” मी म्हणालो.

म्हणालो आणि सुई हातातच राहिली. ज्या धंद्यावर मी पोट भरत होतो, त्यात कुठलाच कोट एका फटक्यात होत नव्हता. मधल्या कोटाशिवाय पक्का कोट नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत होतो. आणि माझ्या सख्ख्या भावाचा निकाल मात्र एका दुपारी, उभ्या उभ्या, थेट पक्क्या शिलाईने लावून टाकला होता.

संध्याकाळी सरांचा कोट घेऊन मी दादाच्या घरी गेलो. तो ओट्यावर होता. मी कोट त्याच्या मांडीवर ठेवला.

“उद्या सरांची ट्रायल आहे. कॉलर उभी राहते. तू ये.”

त्याने कोटाच्या खांद्यावरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं. “आणि कात्री?”

“कात्री मी धरीन.”

“मग मी काय धरू?”

“टेप धर. मापं तू घे, ट्रायल तू बघ. कापायचं तेवढं मी.”

“लोक म्हणतील, मास्टरचा हात गेला.”

“गेलाच आहे थोडा,” मी म्हणालो.

हे बोलायचं ठरवलेलं नव्हतं. वहिनी दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

“थोडा,” दादा म्हणाला आणि हसला. “आयुष्यात पहिल्यांदा थोडा म्हणालास, वसंता. तेही माझ्या हाताला.”

“पक्कं काही ठरवू नको. कच्च्या दोऱ्याने घालू. दिवाळीपर्यंत बघू. नाही बसलं तर उसवू.”

“उसवल्यावर भोकं राहतात रे.”

“पाण्याचा हात लावून इस्त्री फिरवली की जातात. तूच शिकवलंस.”

दुसऱ्या दिवशी तो आला. स्वच्छ शर्ट, गळ्यात टेप. सरांना कोट चढवला आणि नेहमीसारखा मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

“सर, शाळेची पिशवी कुठल्या खांद्याला लावत होता?”

“उजव्या. कायम उजव्या.”

“मग बरोबर आहे. उजवा खांदा उतरलाय. कोट चुकलेला नाही, सर. तुम्ही एका बाजूने निवृत्त झालात.”

सर खो खो हसले. दादाने पुढे येऊन उजव्या खांद्यावर बोट टेकवलं. हवेत असताना ते थरथरत होतं, कापडावर टेकल्यावर स्थिर झालं. मी त्या बोटाच्या कडेने खडू फिरवला. कॉलर बसली.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. काही दिवस तो खुशीत असायचा, काही दिवस मुकाट. खिशाची झाकणं, कॉलरच्या आतलं जाड कापड, जिथे वाकडं गेलं तरी बिघडत नाही असे तुकडे तो कापायचा. पण एखादं चांगलं कापड आलं की त्याचा हात आपोआप कात्रीकडे जायचा. एकदा गिऱ्हाइकासमोर मी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मी वाईट वागलो. पूर्वी मी म्हणालो असतो, मी वाईट आहे, आणि दोन दिवस जेवलो नसतो. त्या वेळी चहा सांगितला, बाहेर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, “चुकलं.” तो म्हणाला, “चहात साखर कमी आहे.” त्यावर ते मिटलं.

दिवाळी आली आणि गेली. कच्चा दोरा काढायची आठवण दोघांनाही झाली नाही.

गार्डसाहेब पुन्हा यायला लागले. दादाला काउंटरवर बघून म्हणाले, “आ गये मोठे मास्टर! चला, आता पोट वाढवायला हरकत नाही.” त्यांची पुढची पँट मी कापली. बाहेरची रेघ मारताना आधी दोन बोटं टेकवली, मग एक उचललं, मग पुन्हा अर्धं टेकवलं. दीड बोट सोडलं. दादा शेजारून बघत होता. “तुझी क्लासची फी अर्धी तरी वसूल झाली,” एवढंच म्हणाला. आमच्या दुकानात अजून दीड बोट चालतं.

दोन हजार सालानंतर तयार कपड्यांची मोठी दुकानं नाशिकभर झाली. आमच्या रस्त्यावरच्या ओळखीच्या दोघातिघांनी मशीनं विकली. मला जुना ताप पुन्हा चढला, बंद करायचं तर आत्ताच, नाहीतर मोठं दुकान घालून त्यांच्याशी टक्कर द्यायची. दादा म्हणाला, “आधी बाहेरचा अर्धा काउंटर फक्त आल्टरेशनला ठेवून बघ. बाकी आहे तसं.” लोक तयार पँटी कमरेत सैल करायला आणायचे. दादा त्या उलट्या करून बघायचा. शिवणीला लागूनच दोरा मारलेला, पलीकडे काही नाही. तो मान हलवायचा. “ह्यात कुणी काही सोडलंच नाही रे.” तरी आम्ही बाजूला पट्टी जोडून काहीतरी जमवून द्यायचो. लग्नसराईत कोट, बाकी वर्षभर आल्टरेशन, अशी दुकानाची गाडी चालली. पूर्वीइतकं मोठं नाव राहिलं नाही. पण भोंगा झाला की अजून कुणी ना कुणी येऊन बाकावर बसतं, आणि दादा त्याची पाठ वाचत असतो.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट सांगून थांबतो. बायकोने ट्रंकेतून माझ्या लग्नातला कोट काढला. दादाने शिवलेला, गडद निळा, आता राखाडीकडे झुकलेला. अंगात घातला, तर बटण काजाच्या जवळपासही येईना.

“राहू दे,” मी म्हणालो. “नवा शिवतो, नाहीतर साधा सदरा घालतो. हे होणार नाही.”

दादा दुकानात होता. तो म्हणाला, “आण इकडे.”

मी बगलेची शिवण उसवली. अस्तर बाजूला केलं तर आत गडद निळी पट्टी. ऊन, धूळ, हवा काहीच न लागलेली, ताग्यातून आज काढल्यासारखी. मी बोटं टेकवून पाहिली. दोन नव्हती, तीन होती.

“तीन?” मी विचारलं.

“तुझी लक्षणं तेव्हाच दिसत होती,” दादा म्हणाला.

“पण रेघ दिसेल, दादा. बाहेरचं कापड उडालंय, हे नवं आहे.”

“दिसू दे. पोरीच्या बापाच्या काखेत कोण बघतंय?”

मी कोट चढवून उभा राहिलो. तो भिंतीला टेकून मला मागून बघत राहिला. मग पुढे आला आणि माझ्याकडे खडू मागितला. एरवी तो बोट ठेवायचा आणि रेघ मी मारायचो. मी खडू दिला. त्याने मनगट धरलं नाही. काखेपासून खाली कमरेपर्यंत त्याने एका दमात रेघ ओढली.

कोट काढून मी टेबलावर पसरला. दोघांनी पाहिलं.

“वाकडी आली,” दादा म्हणाला.

“थोडी,” मी म्हणालो.

मी मशीनवर बसलो. जिथे रेघ फारच वळली होती, तिथे जरा सरळ करून घेतली. बाकीची तिच्यावरूनच शिवली.